जावई हरावा म्हणून

जावई जिंकावा म्हणून नवस बोलणारे सासरे तुम्ही पाहिले असतील. तो हरावा म्हणून नवस बोलणारा सासरा मात्र अख्ख्या तिसगावच्या शिवारात एकच निघाला, आणि त्याचं नाव कारभारी.

माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता. बैल उधळायच्या आधीच दावं घट्ट धरून बसणारा. तव्यावरची भाकरी फुगली नाही तरी ह्याच्या पोटात गोळा यायचा, की आज काहीतरी होणार. आता अशा माणसाच्या पोटी पंकजासारखी लेक जन्माला यावी, हा मढीच्या नाथबाबाचाच चेष्टेखोरपणा. पोरगी नर्सिंग शिकली, आणि एक दिवस विमानात बसून सान तिमो नावाच्या बेटावर नोकरीला निघून गेली. बेट म्हणजे केवढं? आपल्या पाथर्डी तालुक्यात जेवढी माणसं आहेत ना, तेवढीसुद्धा त्या अख्ख्या देशात नाहीत. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाच्या समुद्रात ऐकू जाईल, असं गोरक्षनाथ म्हणायचा. हा गोरक्षनाथ शेजारच्या वस्तीवरचा, ॲपे रिक्षा चालवणारा, आणि गावात फुटबॉलमधलं कळणारा एकमेव माणूस.

तिथंच पंकजानं लग्न केलं. आधी केलं आणि मग फोनवर सांगितलं. मुलगा तिथलाच, नाव डेव्हिड, देशाच्या संघाचा गोलकीपर. चांगुणा, म्हणजे पंकजाची आई, आधी रुसली, मग रडली, मग जावयाला व्हिडिओवर बघून म्हणाली, "रंगानं आपल्या काळ्या रानावानी हाय, पर हसतोय बघा कसा मोकळा." आणि डेव्हिड म्हणताना जीभ अडखळते म्हणून तिनं त्याचं देवीदास करून टाकलं. चांगुणाचं असंच असतं, राग आला तसा उतरतो. कारभारीचं तसं नव्हतं. त्यानं जावयाला फोनवर नुसतं "बरं हाय ना?" विचारावं आणि फोन बायकोच्या हातात द्यावा. एवढ्या लांबच्या माणसाचा काय भरवसा? ह्याच्या घरी जाऊन गचांडी धरायची म्हटली तरी दोन समुद्र ओलांडावे लागणार.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती सातासमुद्रापार गेली तरी सुटत नाही. पंकजा सातव्या महिन्यात तिसगावला आली. डेव्हिड मागून येणार, बाळंतपणाला हजर राहणार, असं ठरलं होतं. आणि तेवढ्यात त्या तळहाताएवढ्या देशाचा संघ चक्क वर्ल्डकपात पोचला! बेटावर म्हणे लोक रस्त्यावर झोपले, चर्चच्या घंटा थांबल्याच नाहीत. जावयाचं येणं अर्थातच लांबलं.

मग गावाची तोंडं सुटली. केस कापायला बसलेल्या कारभारीला कुणीतरी ऐकवलं, "कारभारी, जावई आता टीव्हीवर झळकनार. त्याला काय कमी पडतंय तिकडं? तो कशाला येतोय धूळ खायला?" बोलणारा बोलून गेला. कारभारीच्या काळजात ते काट्यासारखं मोडलं. खरंच की. जिंकला की मोठा होणार, मोठा झाला की उडणार. लेक घरात, पोटुशी. उद्या लेकरू झालं आणि चार बायकांनी बाप कुठाय विचारलं, तर काय टीव्हीकडं बोट दाखवायचं?

कारभारीला कळायचा तो एकच खेळ, कुस्ती. यात्रेच्या हगाम्यात पाठ टेकली की पैलवान लंगोट गुंडाळतो आणि संध्याकाळच्या एसटीनं घरचा रस्ता धरतो. त्यानं सरळ हिशेब केला, की जावई पहिलीच मॅच हरला तर गडी आठवड्याभरात दारात उभा राहील. एका गुरुवारी कुणाला न सांगता तो मढीला गेला, गड चढला, कानिफनाथांच्या समाधीवर डोकं टेकवलं आणि बाहेरच्या डाळिंबाच्या झाडाला लाल नाडा बांधून बोलला, "नाथबाबा, पोरगं हरू द्या. पहिल्याच झटक्याला हरू द्या. घरी येऊ द्या. पाच किलो रेवड्या वाटीन."

गाठ मारली तेव्हा फार बरं वाटलं त्याला. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मॅच आली ती नेमकी अमावस्येला. धोंड्याच्या महिन्यातली अमावस्या, म्हणजे जावयाला वाण द्यायचा शेवटचा दिवस. चांगुणानं तेहतीस अनारसे तळून ठेवले होते. सकाळी साडेसहाला मॅच सुरू व्हायच्या आधी तिनं ताट टीव्हीपुढं मांडलं, निरांजन लावलं आणि राष्ट्रगीताला ओळीत उभा राहिलेला देवीदास दिसताच टीव्हीला ओवाळलं. ओटीवर, अंगणात मिळून निम्मी वस्ती गोळा झालेली. "मामी, अनारसं त्याला पोचनार कसं?" गोरक्षनाथानं विचारलं. "तुमी खावा त्याच्या नावानं," चांगुणा म्हणाली, आणि ताट फिरायला लागलं.

पंकजा लोडाला टेकून बसली होती. तिच्या पायांवर सूज होती. पाथर्डीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की रक्तदाब चढतोय, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, की विचार करत बसायचं नाही, गाडी काढायची. म्हणून कारभारीचा पिकअप रस्त्याकडं तोंड करून उभा होता, डिझेल भरून. किल्ली कारभारीच्या बंडीच्या खिशात. झोपतानाही तो ती बंडी काढत नव्हता.

"आबा, उभे का? बसा ना," पंकजा म्हणाली.

"बरा हाय मी."

कुठला बरा! एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. समोरचा संघ युरोपातला, गडी एकेक ताडमाड. कारभारीला वाटलं, पाचदहा गोल होतील, लवकर उरकेल. पण उरकेना. चेंडू आला की देवीदास आडवा. डावीकडं आला, झेप. उजवीकडं आला, बोटांनी वर उडवला. वस्ती नुसती पेटली. गोरक्षनाथ खाटेवर चढून ओरडत होता, म्हाताऱ्या शिट्ट्या मारायला शिकल्या, आणि पंकजा दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. इतक्या महिन्यांत ती अशी हसली नव्हती. कारभारीनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पोरीचं सगळं सुख त्या जाळीपुढं उभं होतं, आणि आपण त्याच्याच मुळावर उठलोय.

पहिला हाफ संपत आला होता. उंचावरून चेंडू आला, देवीदास उडी मारून वर गेला, समोरून त्यांचा दांडगा गडीही उडाला. त्याचा गुडघा देवीदासच्या कानशिलावर बसला. आवाज टीव्हीतून ऐकू आला, असं कारभारी शपथेवर सांगेल. देवीदास खाली आला तो पोत्यासारखा. हात एकीकडं, पाय एकीकडं. हालचाल नाही.

चांगुणाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. बेटाचे खेळाडू डोक्याला हात लावून उभे होते, डॉक्टर धावत होते, आणि पंकजा हाक मारत होती, अगदी हळू, जणू तो शेजारच्या खोलीत झोपलाय. "डेव्हिड. डेव्हिड, ऊठ ना."

कारभारीचा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला. मी केलं हे, मीच केलं. नाथबाबानं ऐकलं माझं. हरू द्या म्हणालो, आता ते पोराला मोडून हरवतायत. देवाला काय, एकदा गाठ बसली की तो आपल्या वाटेनं नवस पुरा करतो, मध्ये कोण चिरडतंय ते बघत नाही.

बऱ्याच वेळानं देवीदास उठून बसला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली. तो मानेनं हो म्हणाला, पुन्हा जाळीपुढं जाऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. वस्ती टाळ्या वाजवायला लागली. कारभारीला त्या टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. अजून निम्मी मॅच बाकी होती. अजून गाठ झाडालाच होती. ती सोडल्याशिवाय हे पोरगं जित्तं राहत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमायला लागलं.

कुणाची मोटारसायकल मागावी तर कुठं निघालात म्हणून विचारणार. काय सांगणार? तो मागच्या दारानं निघाला, पिकअपमध्ये बसला आणि मढीचा रस्ता धरला. मोबाईल घरातच चार्जिंगला राहिला. घाबरलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. पोटुशी लेक घरात, एकच गाडी, एकच किल्ली, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

अमावस्येमुळं गडावर दाटी होती. कारभारी माणसांना कोपरं मारत पायऱ्या चढला. झाडापाशी पोचला आणि मटकन खाली बसला. अरे देवा! फांद्या दिसेनात एवढे नाडे. लाल, सगळे लाल. काही ताजे, काही उन्हानं विटलेले, एकावर एक, गाठीवर गाठ. त्याचा बुंध्याकडच्या खालच्या फांदीला होता, एवढं त्याला नक्की आठवत होतं. त्या फांदीवर आता बोट ठेवायला जागा नव्हती. त्यानं एक गाठ नखानं उकलायला घेतली. ही असेल. नाही, आपली एवढी घट्ट नव्हती. मग ती बाजूची?

"ओ पाव्हणं, काय चाललंय?" मागून आवाज आला. नाडे आणि रेवड्या विकणारी बनुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझी गाठ हाय. सोडायचीय."

"फिटला का नवस?"

"न्हाई. फिटाया नको म्हनून सोडायचीय."

बनुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की ह्याला ऊन लागलंय का काय. "आन दुसऱ्याची सुटली म्हंजी? ती तुमच्या नखाखाली हाय ना, ती कुना बाईची लेकरासाठी असंल. कुनाचा ल्योक दवाखान्यात पडला असंल. त्येंचं काय करता?"

कारभारीनं हात मागं घेतला, विस्तव लागल्यासारखा. एका जावयापायी आपण किती घरं उघड्यावर पाडायला निघालो होतो! तो तिथंच हात जोडून रडायला लागला. "नाथबाबा, चुकलं माझं. त्यो जिंकू द्या. न्हाई आला तरी चालंल. कवाच न्हाई आला तरी चालंल. पर त्याला उभा राहू द्या. माझ्या पोरीचं कुंकू हाय त्ये."

"रडू नगा," बनुबाई म्हणाली. "घरी जावा. घरची मानसं वाट बघत असत्याल."

हे तिचं वाक्य साधंच होतं. पण घर म्हटल्याबरोबर कारभारीचा हात खिशाकडं गेला आणि किल्ली बोटांना लागली. आणि मग त्याला कळलं आपण काय करून बसलोय ते.

गड तो कसा उतरला आणि गाडी कशी हाणली, त्याला आठवत नाही. वाटेत एक शेरडू थोडक्यात वाचलं. वस्तीवर आला तर अंगणात चिटपाखरू नाही. चपला नाहीत, मोटारसायकली नाहीत. टीव्ही एकटाच चालू, त्यावर कसली तरी साबणाची जाहिरात. लोड आडवा पडलेला, अनारशाचं ताट उपडं, आणि दारापासून अंगणापर्यंत पाण्याचे ओले डाग. "पंकजा!" त्यानं हाक मारली. "चांगुणा!"

गोठ्याच्या बाजूनं भागूबाई काठी टेकत आली. ती गोरक्षनाथाची आजी, घर राखायला ठेवलेली. "कुठं मेला हुता रं तू?" ती कडाडली. "पोरीला अंधारी आली, डोस्कं धरून कोसळली, तोंडावर पानी मारमारून उठवली. तुझी गाडी न्हाई, तू न्हाई, फोन घरात वाजतुया. सगळी वस्ती तुला हुडकत हिंडली. शेवटाला आमच्या गोरख्यानं ॲपेत घालून नेली. ॲपेत! असल्या रस्त्यानं!"

कारभारीनं विचारलं नाही की मॅचचं काय झालं. त्याला मॅच होती हेच आठवलं नाही. चार्जिंगवरचा फोन उचलला आणि पाथर्डीचा रस्ता धरला. प्रत्येक खड्ड्यात त्याला ॲपे दिसत होती, मागच्या फळीवर आदळणारी पंकजा दिसत होती. जावई येणार नाही, जावई येणार नाही, म्हणून महिनाभर रात्री कूस बदलली. आणि वेळ आली तेव्हा बाप कुठं होता, तर डाळिंबाखाली.

दवाखान्याच्या बोळात गोरक्षनाथ भिंतीला टेकून उभा होता. कारभारीला बघून त्यानं मान खाली घातली. आतल्या दारापाशी चांगुणा जमिनीवर बसली होती, हातात मोबाईल धरून.

"कशी हाय?" कारभारीनं विचारलं.

"आत नेलीय. बीपी लई चढलंय. सिझर करत्यात." चांगुणानं वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच जास्त भयानक होतं. "पोरगी ॲपेत पडल्या पडल्या आबा आबा करत हुती."

"जावयाला कळवलं का?"

"कळवायचं काय? मॅच संपल्या संपल्या त्यानंच लावला फोन. तवापासनं हितंच हाय. जावई हाय हितं, तुमीच न्हवता."

तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. पडद्यावर देवीदास होता. कुठल्याशा खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर बसलेला, कानशिलावर बर्फाची पिशवी, एका हातात हातमोजा अजून तसाच. डोळे सुजलेले. ते मारानं की रडून, कळायला मार्ग नव्हता. मागं त्याचे सोबती उघड्या अंगानं गप्प उभे होते, सगळे ह्याच्याच फोनकडं बघत.

"आबा," तो म्हणाला. पंकजानं शिकवलेलं मराठी तो एकेक शब्द तोलून बोलत होता. "हरलो. एक गोल. शेवटी."

म्हणजे नवस फिटला. कारभारीनं तोंडावर हात दाबला. "मग... मग आता तू येनार? घरी?"

देवीदासला नीट कळलं नाही. गोरक्षनाथ पुढं झाला. "मामा, असं नसतं. एक हरलं म्हनून कुनी घरी जात न्हाई. तीन मॅच असत्यात. अजून दोन हायेत. तवर सुट्टी न्हाई."

कारभारी त्याच्याकडं बघतच राहिला. म्हणजे हरूनसुद्धा येणार नव्हता. पोरगं उगाच हरलं. त्याचं डोकं उगाच फुटलं. आपण पोरीला उगाच ॲपेत घातली. त्याला हसू येईल की रडू, कळेना, आणि आलं ते रडूच, लहान पोरासारखं, हुंदके देऊन.

"आबा," फोनमधून आवाज आला. "आबा, मी भ्यालो. लई भ्यालो." त्यानं हातमोज्यानंच नाक पुसलं. "तुमी तिथं हाय ना?"

एवढा दांडगा गडी. सगळ्या जगापुढं जाळी राखणारा. तो भ्याला होता, आणि तो ह्या भित्र्या सासऱ्यालाच विचारत होता. कारभारीनं बंडीच्या बाहीनं डोळे पुसले आणि चांगुणाच्या हातातून मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. पहिल्यांदाच.

"हाय," तो म्हणाला. "हाय मी हितं. आता हलनार न्हाई."

मग तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि फोन गुडघ्यावर उभा धरला. देवीदासच्या इथं रात्र होती की दिवस, कारभारीला ठाऊक नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला की दोघांच्याही माना एकदम वर जायच्या. एकदा कुणीतरी आत पळत गेलं. तेव्हा कारभारीनं डोळे मिटून घेतले, आणि उघडून बघितलं तर पडद्यावर जावयानंही मिटले होते.

आतून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग चांगला सणसणीत, चिडलेला. चांगुणा उठायला गेली आणि अवघडलेल्या पायानं तिथंच कलंडली. दार उघडून सिस्टर बाहेर आली. हातात हिरव्या कापडाचं गाठोडं.

"आई बरी आहे, बीपी उतरतंय," ती घाईनं म्हणाली. "मुलगी आहे. कुणाच्या हातात देऊ?"

गोरक्षनाथानं चांगुणाला उठवलं. तिनं पदर पसरला. पण कारभारी मध्ये आला. त्यानं मोबाईल दोन्ही हातांनी धरून सिस्टरच्या पुढं केला, नैवेद्याचं ताट धरावं तसा.

"आधी ह्याला दाखवा," तो म्हणाला. "ह्यो बाप हाय."

सिस्टरनं फोनमधल्या त्या रडणाऱ्या, बर्फ लावलेल्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं बाळाच्या तोंडावरचं कापड बाजूला सारलं.